फाटा: फाटलेला की फुटलेला?

बँकेची शाखा असते, 1925 साली नागपुरात सुरू झालेल्या संघाचीही शाखाच भरते; पण नागपूरच्या वर्धा रोडवरून मिहान प्रकल्पाकडे वळणाऱ्या रस्त्याला शाखा कोणी म्हणणार नाही. तो फाटा. हा शब्द ‘फाटणे’वरून आला असे सहज वाटते आणि ‘फाटाफूट’ त्या समजाला दुजोरा देते. तरी मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात तो ‘फांटा’ आहे. ‘फाटणें’च्या ‘फा’वर मात्र टिंब नाही. म्हणजे नाते फांदीशी दिसते, चिंधीशी नव्हे. 1962 च्या लेखननियमांत अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ही खूणही पुसली गेली. टिंबावर एवढा भार कशाला, असे कोणी म्हणेल. मग टिंब सोडा, क्रियापद पाहा: फाटा फुटतो, वादाला फाटे फोडतात, फाडत कोणी नाही.

नागपूरकर भोसल्यांचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. 1755 मध्ये पहिले रघूजी वारल्यावर त्यांच्या मुलांपैकी जानोजी नागपुरात राहिले, मुधोजी चांद्याला. आणि 1775 मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून भाऊ साबाजी मारले गेले. तिथे फांदीची फाटाफूटच झाली. रस्त्याचा फाटा तसा नसतो. तो उभा असतो हमरस्त्यावर आणि नाव लावतो आतल्या गावाचे. मिहानसाठी खापरी, शिवणगावची जमीन गेली. अशा ठिकाणी फाट्याचे नाव गावापेक्षा जास्त टिकू शकते.