तांबड्या गाड्यांचे नगर

लॉस एंजेलिस हे शहर जगाला ठाऊक आहे ते मोटारींचे नगर म्हणून. आठ-आठ, दहा-दहा पदरी रस्ते, त्यांवर सकाळसंध्याकाळ मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या मोटारींच्या रांगा, आणि बहुतेक मोटारींत एकटाच बसलेला माणूस, हे तेथील नित्याचे दृश्य. हे नगर मोटारींसाठीच जन्मास आले असावे, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. या शहराला त्याचा ऐसपैस, विखुरलेला आकार प्रथम दिला तो मोटारींनी नव्हे, तर रुळांवरून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांनी.

1900 साली लॉस एंजेलिसची वस्ती अवघी लाखाच्या घरात होती. पुढच्याच वर्षी हेन्री हंटिंग्टन या धनिकाने ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या तांबड्या गाड्या पॅसाडेनापासून लाँग बीचपर्यंत धावू लागल्या आणि ऐन भरभराटीच्या काळात तिच्या रुळांची लांबी हजार मैलांवर गेली. परंतु हंटिंग्टनची खरी दृष्टी तिकिटांच्या पैशांवर नव्हती. ती जमिनीवर होती. माळरान स्वस्तात घ्यावे, तेथवर रूळ न्यावेत, आणि मग त्याच माळाचे तुकडे पाडून घरांसाठी चढ्या भावाने विकावेत, असा हा व्यवहार होता. त्यातून दूरदूरच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पण जमीन एकदा विकली गेली, की तोट्यात चालणाऱ्या गाडीविषयी मालकाला आस्था ती किती राहणार?

अशा विरळ वस्तीत मोटार आली आणि ती लोकांना मानवली. 1920 नंतरच्या दशकात दरडोई मोटारींच्या संख्येत हे शहर साऱ्या अमेरिकेत पुढे होते. शहराच्या मध्यभागी मोटारी आणि विजेच्या गाड्या एकाच रस्त्यावर येत. मोटारींच्या गर्दीत गाडी अडकून पडे; गाडीला उशीर होई म्हणून उतारू कंटाळून मोटार घेई; आणि त्या मोटारीने गर्दीत आणखी एकीची भर पडे. हे दुष्टचक्र तोडण्याचा एक यत्न 1920 च्या एप्रिलमध्ये झाला. भर बाजारात दिवसा मोटारी उभ्या करण्यास नगरसभेने मनाई केली. गाड्या वेळेवर धावू लागल्या; पण गिऱ्हाईक तुटल्याची ओरड व्यापाऱ्यांनी केली आणि काही आठवड्यांतच तो नियम सैल करावा लागला. 1926 साली रस्त्यांवरून उंच पुलांवर रूळ नेण्याच्या कल्पनेवरही मतदारांनी काट मारली.

यानंतरची वाट सरळ होती. 1940 च्या डिसेंबरअखेर लॉस एंजेलिस ते पॅसाडेना हा केवळ मोटारींसाठी बांधलेला द्रुतमार्ग खुला झाला. 1943 च्या जुलैत शहरावर असा दाट धूर दाटला, की तो जपानी विषारी वायूचा हल्ला असावा अशी भीती पसरली. शत्रू बाहेरचा नव्हता. मोटारींतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे डोळे झोंबविणारे धुके तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. तरीही रस्त्यांचा वेग मंदावला नाही. 1956 च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांच्या खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारने उचलला. बॉइल हाइट्ससारख्या गरिबांच्या वस्त्या या मार्गांनी चिरल्या गेल्या. श्रीमंत बेव्हर्ली हिल्समधून जाणारा नियोजित मार्ग मात्र कागदावरच राहिला.

1961 च्या एप्रिलमध्ये लाँग बीचची अखेरची तांबडी गाडी धावली. शहरातल्या रस्त्यांवरच्या ट्रॅमही 31 मार्च 1963 रोजी बंद झाल्या. मोटार व टायर कंपन्यांनी कट करून या गाड्या मारल्या, अशी कथा तेथे सांगितली जाते. तिच्यात सत्याचा अंश आहे. बसगाड्या व सामग्रीच्या विक्रीत मक्तेदारी करण्याचा कट केल्याबद्दल काही बड्या कंपन्या 1949 साली दोषी ठरल्या होत्या. पण तांबड्या गाड्यांची दुखणी त्याहून फार जुनी होती. त्यांना एका घावाने कोणी मारले नाही; अनेकांच्या छोट्या छोट्या सोयींनी त्या झिजत गेल्या.

या सोयींची किंमत ज्यांनी मोजली ते निराळेच होते. 1965 च्या ऑगस्टमध्ये वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मोठा उद्रेक झाला. त्याची चौकशी करणाऱ्या मंडळाने जी कारणे नोंदविली, त्यांत अपुरी व महाग वाहतूक हेही एक होते. ज्याच्यापाशी मोटार नाही त्याला कामावर पोहोचणेच दुर्घट. आणि काम नाही म्हणून मोटार नाही. एके काळी हंटिंग्टनच्या गाड्या याच वॉट्सवरून लाँग बीचला जात असत.

शहराला उशिरा शहाणपण सुचले. 1980 साली वाहतुकीसाठी जादा विक्रीकर देण्यास मतदारांनी संमती दिली आणि 1990 च्या जुलैत लाँग बीचची विजेची गाडी पुन्हा सुरू झाली, तीही बव्हंशी जुन्याच मार्गावरून. उखडण्यापेक्षा पुन्हा बसविणे किती महाग, याचा हा धडा होता. तरीही जुनी सवय सुटली नाही. एका गजबजलेल्या महामार्गाच्या रुंदीकरणावर अब्जाहून अधिक डॉलर खर्च झाले; 2014 मध्ये काम पुरे झाले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत नव्या मोटारी येऊन बसल्या.

लॉस एंजेलिसच्या ट्रॅम बंद झाल्या त्याला बरोबर एक वर्ष होत असताना, 31 मार्च 1964 रोजी, मुंबईची अखेरची ट्रॅम बोरीबंदरहून दादरला गेली. मुंबईचे भाग्य एवढेच, की तिची लोकलगाडी टिकली. रस्ता रुंद केल्याने गर्दी हटत नाही, ती केवळ पसरते. शहर कोणासाठी आहे, हे ठरते ते गाडीवाल्याच्या वेगावरून नव्हे. ज्याच्यापाशी गाडी नाही, तो वेळेवर घरी पोहोचतो की नाही, यावरून ठरते.