बिनतारी जालकांतील विलंब
एका स्थानकाने पाठविलेला संदेश दुसऱ्या स्थानकास मिळेपर्यंत जाणाऱ्या काळास विलंब म्हणतात. घर, कचेरी वा कारखान्यापुरत्या मर्यादित बिनतारी जालकात हा विलंब अंतरावर फारसा अवलंबून नसतो. रेडिओ तरंग ३० मी. अंतर सु. ०·१ मायक्रोसेकंदात तोडतात. उलट १,५०० बाइटांचा संदेशखंड सेकंदास १० लाख बिट या वेगाने पाठविण्यास १२,००० मायक्रोसेकंद लागतात. त्यात पाळीची प्रतीक्षा आणि टक्कर झाल्यास करावे लागणारे पुनःप्रेषण यांची भर पडते. हा वाढीव काळ दर वेळी भिन्न असल्याने त्याचे गणित संभाव्यतेच्या आधारे मांडावे लागते.

या गणिताचा पाया आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञांनी १९०९ मध्ये दूरध्वनी मागण्यांच्या विश्लेषणाने घातला. तथापि दूरध्वनीच्या मागण्या एका केंद्राकडे येतात. बिनतारी स्थानकांना परस्परांची रांग दिसत नाही. ही अडचण हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहा जालकात स्पष्ट झाली. तेथील अंतरे मोठी होती. परंतु अनेकांनी एकच रेडिओ मार्ग वापरण्याचा प्रश्न तोच होता. स्थानके हवे तेव्हा प्रेषण करीत आणि टक्कर झाल्यास यदृच्छ काळानंतर संदेश पुन्हा पाठवीत. या पद्धतीत मार्गाच्या क्षमतेचा फार तर १८·४% उपयोग होतो, असे एब्रॅमसन यांनी दाखविले. ठराविक कालखंडाच्या आरंभीच प्रेषण करण्याच्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्या सूचनेने (१९७२) ही मर्यादा ३६·८% झाली.

टकरींमुळे पुनःप्रेषणे व पुनःप्रेषणांमुळे टकरी वाढून विलंब आवाक्याबाहेर जाऊ शकतो, हे लेनर्ड क्लाइनरॉक व सायमन लॅम यांनी १९७५ मध्ये दाखविले. त्याच वर्षी क्लाइनरॉक व फुआद टोबागी यांनी मार्ग मोकळा असल्याची खात्री करून प्रेषण करण्याच्या पद्धतीचे विश्लेषण केले. मात्र परस्परांच्या कक्षेबाहेरील दोन स्थानके तिसऱ्याकडे एकाच वेळी प्रेषण करू शकतात. या ‘लपलेल्या’ स्थानकांमुळे ही पद्धतही पुष्कळ निष्प्रभ होते, असे त्यांना आढळले.

वाय-फाय जालकांचे ८०२·११ हे मानक १९९७ मध्ये संमत झाले. त्यात टक्कर होताच प्रतीक्षेच्या काळाची कमाल मर्यादा, ठरलेल्या टप्प्यापर्यंत, दुप्पट केली जाते. ज्यूसेप्पे ब्यांकी या इटालियन संशोधकांनी २००० मध्ये या पद्धतीचे मार्कोव्ह शृंखलेवर आधारलेले प्रतिमान मांडले. प्रत्येक स्थानकाकडे सतत संदेश शिल्लक असतो आणि टकरीची संभाव्यता पूर्वीच्या प्रयत्नांवर अवलंबून नसते, ही त्याची गृहीतके होत. प्रत्यक्षात संदेश खंडित ओघाने येत असल्याने पुढील प्रतिमानांत रांगेचाही समावेश झाला. संभाषण व यंत्रनियंत्रण यांसाठी केवळ सरासरी विलंब पुरेसा नसतो. क्वचित उद्‌भवणारा दीर्घ विलंबही घातक ठरतो. म्हणूनच २०२१ मध्ये संमत झालेल्या ८०२·११ एएक्स मानकात मध्यवर्ती स्थानकाने इतरांना काळ व कंप्रता वाटून देण्याची सोय केली गेली.