मताधिकार-चळवळ, रत्नागिरी जिल्हा

मतदानाचा हक्क अधिकाधिक प्रजाजनांस मिळावा म्हणून १९१९ ते १९५० या काळात झालेले प्रयत्न. या जिल्ह्यात हा प्रश्न जमीनमहसुलाशी इतका निगडित राहिला की, खोती पद्धतीचा (गावाचा सारा खोतामार्फत वसूल करण्याच्या पद्धतीचा) विचार केल्यावाचून त्याचे स्वरूप ध्यानात येत नाही.

महसुली पात्रता : १९१९ च्या सुधारणा कायद्याखालील नियमांनी मुंबई इलाख्यातील ग्रामीण मतदारास निदान ३२ रुपये आकाराची (सरकारी साऱ्याची) जमीन स्वतःच्या हक्काने अगर कूळ म्हणून धारण करण्याची अट घातली, रत्नागिरी, पंचमहाल व अपर सिंध फ्रंटियर या जिल्ह्यांपुरती ती १६ रुपयांवर आणण्यात आली. तथापि भाताची खाचरे लहान आणि वरकस (डोंगरउतारावरील हलक्या) जमिनीचा आकार अल्प असल्यामुळे, ही सवलत असूनही, सामान्य कुळाचे नाव यादीत चढणे दुर्घटच होते. याउलट खोत व खोती गावातील हिस्सेदार यांचा नियमांत स्वतंत्र उल्लेख होता. कुळांच्या मतावर खोतांचा दाब कितपत पडे, याविषयी एकवाक्यता नाही. पलटणीतून निवृत्त झालेल्या शिपायास आकाराची अट लागू नव्हती. दापोलीच्या आसपास स्थायिक झालेल्या महार पेन्शनरांच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे ठरले असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाल्याने नव्या पिढीस त्याचा लाभ फारसा उरला नव्हता.

अस्पृश्यांचा मताधिकार : मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. भीमराव आंबेडकरांनी २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी पात्रतेची अट शिथिल करावी व त्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व द्यावे, अशी मागणी केली. विठ्ठल रामजी शिंदे यांचीही साक्ष झाली. पुढे आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगास २९ मे १९२८ रोजी सादर केलेल्या निवेदनात प्रौढ मताधिकार आणि कायदेमंडळाच्या १४० पैकी २२ जागा मागण्यात आल्या. १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा मिळाल्या.

खोतीविरोधी चळवळ : १९३५ च्या कायद्याने पात्रतेची मर्यादा आणखी खाली आणल्यावर कुळांचा प्रश्न निवडणुकीच्या आखाड्यात आला. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ ची निवडणूक लढविली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर या चळवळीत अग्रभागी होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक संमत झाले नाही. खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली.

स्त्रिया : मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांवरील लिंगभेदाचा प्रतिबंध १९२१ मध्ये उठविला, रमाबाई रानडे यांनी त्यासाठी खटपट केली होती.

प्रजासत्ताकानंतर : संविधानाने प्रौढ मताधिकार दिला व १९८९ पासून वयाची अट २१ वरून १८ वर्षे झाली. नोंदणी सर्वसाधारण रहिवासावर अवलंबून असल्यामुळे आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवण्यास मनाई असल्यामुळे, मुंबईस राहणाऱ्या चाकरमान्याचे नाव कोणत्या यादीत असावे, हा प्रश्न या जिल्ह्यात अद्याप उपस्थित होतो.