समुपदेशकाचा शिक्षक कुठे घडतो?

नेवासे तालुक्यातील घोडेगावात एखादे पोर शाळेला घाबरू लागले, तर घरच्यांना शिक्षक आठवतात, शेजारचे शनिशिंगणापूर आठवते. समुपदेशक सहसा आठवत नाही. समुपदेशक थोडे, कारण त्यांना शिकवणारे त्याहून थोडे.

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र काढले. वर्ग आणि अडचणीतले मूल यांत अंतर राहू नये, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. १९६४ साली संस्था अभिमत विद्यापीठ झाली.

आपल्याकडची पीएच.डी. मात्र प्रबंधाभोवतीच फिरत राहिली. शेकडो पाने लिहिणाऱ्याला, नवख्या समुपदेशकाजवळ बसून त्याची चूक त्याला न दुखवता कशी दाखवावी, हे क्वचितच शिकवले गेले. पदवी हाती आली, की तो थेट वर्गावर!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रत्येक संशोधकाला अध्यापनाचे प्रशिक्षण बंधनकारक केले. आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचे कामही देता येते. पण नियम सर्व विषयांना सरसकट. शिकाऊ समुपदेशकाच्या कामावर देखरेख कशी करावी, हे अजून ज्या त्या मार्गदर्शकाच्या मर्जीवर आहे.