एकही शर्यत न जिंकलेली घोडी
समजा, तुमच्या डेटात एक घोडी आहे. पोकाहाँटस, जन्म १८३७, इंग्लंड. जिंकलेल्या शर्यती ०. नोंद काढून टाकाल? थांबा. १८४९, १८५० आणि १८५१ अशी सलग तीन वर्षं तिला शिंगरं झाली: स्टॉकवेल, रॅटाप्लॅन, किंग टॉम. स्टॉकवेलने १८५२ मध्ये टू थाउजंड गिनीज आणि सेंट लेजर जिंकल्या. किंग टॉम १८५४ च्या डर्बीत दुसरा आला. आता बाप बघा. पहिल्या दोघांचा द बॅरन, तिसऱ्याचा हार्कअवे. म्हणजे बाप बदलला, आई तीच! अर्थात, तीन शिंगरांवरून आनुवंशिकता सिद्ध होत नाही. पण प्रश्न मात्र नीट मांडता येतो: आपण घोडीची धाव मोजतोय, की तिने पुढच्या पिढीला दिलेलं काही? व्हेरिएबल ठरवण्याआधी हे स्वतःला विचारा.