घर कोणी सोडायचे?

साथींच्या इतिहासात चिंचवडचे नाव येते ते चापेकर बंधूंमुळे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरोघर झडत्या घेणारे गोरे सोजीर, त्यातून उसळलेला संताप आणि २२ जून रोजी रँडवर झाडलेली गोळी हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. त्या कथेत स्त्रीला भय आहे ते उंबरठा ओलांडून आत येणाऱ्या परक्याचे. घरातल्याच माणसाच्या भयाला त्या कथेत जागा नाही.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि हे दुसरे भय आकड्यांत दिसू लागले. २३ मार्च ते १६ एप्रिल या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसेच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या सुमारे पंचवीस दिवसांत त्या १२३ होत्या. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या आकड्यांचा अर्थ समजणे कठीण नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या कुटुंबांचा एका खोलीतला संसार. नवऱ्याची शिफ्ट म्हणजे बायकोला मिळालेले आठ तास. कारखाने थांबले आणि तेही गेले. एस.टी. बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद. त्यामुळे माहेर हा जुना आसराही तुटला.

अशा स्त्रीला आपण ‘सोशीक’ म्हणून गौरवतो. या शब्दावर आमचा आक्षेप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली होती. सोसणे हा तर नित्याचाच भाग. असाधारण आहे ते सांगणे. १० एप्रिल २०२० रोजी आयोगाने व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जाहीर केला, तेव्हा जिला त्याच खोलीत बसून फोनवर बोलता येत नव्हते तिला निदान लिहिता येणे शक्य झाले. चिवटपणा शोधायचा तो या लिहिण्यात.

त्याच एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केले की, मारहाण करणारा पुरुष समज देऊनही सुधारला नाही तर त्याला संस्थात्मक विलगीकरणात ठेवले जाईल. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी यांसारखी चाकणभोवतीची गावे या ग्रामीण कारभाराखाली येतात. विचार नवा नव्हता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि पुरुषाला घराबाहेर जाण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला आहे. तरीही मार खाणारीनेच घर सोडायचे, ही रूढी टिकून राहिली. माहेरी जाणे म्हणजे तरी दुसरे काय?

एका घोषणेने ही रूढी मोडली असा आमचा दावा नाही. परंतु या साथीचा इतिहास लिहिताना रुग्णसंख्येच्या तक्त्यांबरोबर त्या तक्रारीही साधन म्हणून वाचल्या पाहिजेत. १८९७ च्या कथेत ज्यांना बोलायला जागा मिळाली नाही, त्यांच्या वारसांनी २०२० मध्ये आपली बाजू स्वतः लिहून ठेवली आहे.