निघा, असं सांगायचं कुणाला?

एप्रिल 1975. सायगॉनमधल्या अमेरिकन दूतावासाच्या वाहनतळात चिंचेचं एक मोठं झाड होतं. ते पाडल्याशिवाय मोठी हेलिकॉप्टरं तिथे उतरू शकत नव्हती आणि गच्चीला त्यांचं वजन पेलणारं नव्हतं. अधिकारी झाड तोडायची परवानगी मागत होते, राजदूत ग्रॅहम मार्टिन ती देत नव्हते. अमेरिका चालली, ही बातमी पहिल्या घावाबरोबर शहरभर होईल, दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याचं उरलंसुरलं बळ जाईल आणि रस्त्यारस्त्यांत चेंगराचेंगरी होईल, अशी त्यांना धास्ती होती. ती निराधार नव्हती. मार्चअखेर दा नांग शहर उत्तर व्हिएतनामच्या हाती पडलं तेव्हा विमानात शिरण्यासाठी माणसं कशी एकमेकांना तुडवत होती, ते जगाने पाहिलं होतं.

तयारी मात्र आतून चालू होती. शहरातल्या अमेरिकनांना एक पुस्तिका दिली गेली. कुठे जमायचं, हेलिकॉप्टर कुठून उचलेल, याचा नकाशा तिच्यात होता. सोबत खुणेचा निरोप: लष्करी रेडिओवर सायगॉनचं तापमान 105 अंश असून वाढत असल्याचं सांगतील, पाठोपाठ 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं लागेल, की निघायचं. हे इतर कुणाला कळू द्यायचं नाही, अशी ताकीदही होती.

29 एप्रिलच्या पहाटे तान सोन न्हुत विमानतळावर मारा झाला. आधीच्या काही आठवड्यांत तिथून विमानांनी सुमारे 50 हजार माणसं बाहेर पडली होती. आता विमानं उतरणं अशक्य झालं. मार्टिन स्वतः जाऊन धावपट्टी पाहून आले. मग झाड पडलं, गाणं वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हेलिकॉप्टरांनी सुमारे 7 हजार जणांना समुद्रातल्या जहाजांवर पोहोचवलं. तरीही नेण्याचं वचन मिळालेले चारशेच्या आसपास लोक दूतावासाच्या आवारात मागे राहिले. मार्टिन यांची अडचण खरी होती, पण त्यांच्या गप्प राहण्याची किंमत या लोकांनी मोजली.

आतल्यांना एक आणि बाहेरच्यांना दुसरं, ही रीत मोडली ती एका वेगळ्याच दुर्घटनेनंतर. डिसेंबर 1988 मध्ये पॅन ॲमच्या विमानात बॉम्ब ठेवला जाणार, असा फोन हेलसिंकीच्या अमेरिकन दूतावासात आला होता. मॉस्कोच्या दूतावासात तशी सूचना फलकावर लागली. सामान्य प्रवाशांना पत्ता नव्हता. 21 डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान फुटलं, 270 माणसं गेली. तपासात त्या फोनचा स्फोटाशी संबंध आढळला नाही, पण लोकांचा संताप शमला नाही. 1990 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि धोक्याची ठोस माहिती निवडक लोकांपुरती ठेवण्याला आळा बसला.

म्हणजे प्रश्न सुटला? येमेनकडे पाहिलं तर नाही. साना इथला भारतीय दूतावास 2015च्या जानेवारीपासून उघडपणे सांगत होता, देश सोडा. हजारो भारतीय थांबले. थकलेला पगार सोडून जाणं परवडत नव्हतं, आणि अनेक परिचारिकांचे पासपोर्ट मालकांच्या ताब्यात होते. मार्चअखेर बॉम्बफेक सुरू झाल्यावर नौदल धावलं. एडनच्या बंदरात गोळीबार चालू असल्याने 'आयएनएस मुंबई' बाहेरच नांगर टाकून थांबली आणि माणसं छोट्या होड्यांतून तिच्यापर्यंत आणावी लागली. 'ऑपरेशन राहत'मध्ये साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि 41 देशांचे सुमारे 960 नागरिक सुटले. त्यातल्या बऱ्याच जणांना सल्ला महिन्यांपूर्वीच मिळाला होता. पासपोर्ट आणि पगार मालकाकडून सोडवून देणारं कुणी तेव्हा त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं.